न झालेल्या गोलांचा हिशोब

खेळाच्या संदर्भात ग्वाल्हेरचे नाव निघाले की बहुतेकांना २४ फेब्रुवारी २०१० हा दिवस आठवतो. त्या दिवशी कॅप्टन रूपसिंग मैदानावर सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद दोनशे धावा काढल्या. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा ते मैदान बघायला हमखास मागतो. पण ज्यांचे नाव त्या मैदानाला दिले आहे ते रूपसिंग कोण, हे त्याला सांगावे लागते. रूपसिंग क्रिकेटवाले नव्हते. ते हॉकीतले लेफ्ट-इन, ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेतले अधिकारी. १९३२ आणि १९३६ अशा दोन ऑलिंपिकची सुवर्णपदके त्यांच्याकडे होती. १९७७ साली याच गावात ते वारले. मैदानही मुळात हॉकीचेच. पुढे ते क्रिकेटकडे गेले आणि १९८८ च्या जानेवारीत तिथे पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला.

याच गावात ७ नोव्हेंबर १९२५ रोजी आणखी एक गोष्ट घडली. तिचा उल्लेख आमच्या घरांतूनही क्वचितच होतो. त्या दिवशी ग्वाल्हेरला भारतीय हॉकी फेडरेशनची स्थापना झाली. कर्नल ब्रूस टर्नबुल अध्यक्ष झाले आणि एन. एस. अन्सारी सचिव. संस्थानचे महाराज माधवराव शिंदे त्याच वर्षीच्या जूनमध्ये पॅरिसला निवर्तले होते आणि गादीवर अल्पवयीन जिवाजीराव होते. अशा वेळी या गावी जमलेल्या चार मंडळींनी एक संस्था काढली. तीन वर्षांच्या आत तिच्या संघाने ऑलिंपिकचे सुवर्णपदक आणले. २०२५ साली या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली आणि देशभर त्याचा सोहळाही झाला.

मला या लेखात पदकांबद्दल फारसे सांगायचे नाही. ती सगळ्यांना पाठ आहेत. मला सांगायचे आहे ते निवडीबद्दल. फेडरेशन निघण्याने नेमके काय बदलले? खेळाडू तर आधीपासून होतेच. कलकत्त्याचा बेटन कप १८९५ पासून चालू होता आणि मुंबईची आगाखान स्पर्धा १८९६ पासून. पलटणींचे संघ होते, रेल्वेचे होते, कस्टम्सचे होते, कॉलेजांचे होते. पण लाहोरचा बॅक चांगला की कलकत्त्याचा, हे ठरवायला एक वजनकाटा नव्हता. ज्याने जो पाहिला त्याला तो थोर वाटायचा. पलटणीतला जवान पलटणीबाहेर कुणाला दिसत नसे आणि कॉलेजातला पोरगा कॉलेजाबाहेर. १९२६ मध्ये न्यूझीलंडला जो संघ गेला तो फौजेचा होता. एकवीस सामन्यांपैकी अठरा त्याने जिंकले, दोन बरोबरीत सुटले आणि एकच हरला. गोल केले १९२, खाल्ले २४. त्या दौऱ्याने ध्यानचंद नावाचा जवान जगाला दिसला. पण तो फौजेतला होता म्हणून त्या संघात गेला. बाहेरच्यांना वाट नव्हती.

फेडरेशनने ती वाट करून दिली. ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकसाठी संघ निवडायचा म्हणून १९२८ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याला आंतरप्रांतीय स्पर्धा भरवण्यात आली. संयुक्त प्रांत, पंजाब, बंगाल, राजपुताना आणि मध्य प्रांत असे पाच संघ उतरले. मध्य प्रांत म्हणजे नागपूर-जबलपूरचा मुलूख, आपल्याच लोकांचा. फौजेने ध्यानचंदांना संयुक्त प्रांताकडून खेळायला मोकळीक दिली. अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताने राजपुतान्याला ३-१ असे हरवले. मग निवड समिती बसली.

आज ही पद्धत इतकी सरळ वाटते की तिच्यात विशेष काय, असे वाटावे. पण त्या वेळी ती नवी होती. शिफारसपत्र नाही, साहेबांची चिठ्ठी नाही. पाच प्रांतांची माणसे एका मैदानावर, एकमेकांविरुद्ध आणि एकाच डोळ्यांखाली. फॉरवर्ड कोणता चांगला, हे एरवीही कळले असते. गोल मोजता येतात. पण बॅकची पारख करायची तर त्याच्यासमोर त्याच्या तोलामोलाचा फॉरवर्ड उभा करावा लागतो. दुबळ्या संघाविरुद्ध प्रत्येक बॅक भिंत वाटतो. कलकत्त्याच्या त्या स्पर्धेने ही सोय केली आणि माझ्या मते तिचे खरे मोल तेच.

या संघाची पाठवणी मात्र काही थाटामाटात झाली नाही. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाने त्याला ३-२ असे हरवले. १० मार्च १९२८ रोजी ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने मंडळी निघाली तेव्हा निरोप द्यायला धक्क्यावर मोजून तीन माणसे होती. परत आली तेव्हा गर्दी मावेना. ऑस्ट्रिया ६-०, बेल्जियम ९-०, डेन्मार्क ५-०, स्वित्झर्लंड ६-०, आणि २६ मे रोजी अंतिम सामन्यात यजमान हॉलंड ३-०. पाच सामन्यांत एकूण २९ गोल, त्यांतले चौदा ध्यानचंदांचे.

हे आकडे कुठल्याही पुस्तकात सापडतात. लोक २९ वर थांबतात. मी आजवर थांबत आलो तो दुसऱ्या बाजूच्या शून्यावर. पाच देशांच्या संघांना मिळून एकही गोल करता आला नाही. ते शून्य कुणाचे? गोलकीपर रिचर्ड ॲलनचे तर आहेच. हा माणूस तीन ऑलिंपिक खेळला आणि तिन्हींत मिळून त्याच्यावर दोनच गोल झाले. त्यांतला एक, १९३२ साली अमेरिकेविरुद्धचा, तो गोलपोस्टमागे चाहत्यांना सह्या देत होता म्हणून झाला, असे गमतीने सांगितले जाते. पण ॲलनपुढे बॅक होते, त्यांच्यापुढे हाफ होते. त्यांनी चेंडू अडवला म्हणून ॲलनला सह्या द्यायला सवड झाली. लेस्ली हॅमंड, रेक्स नॉरिस, सेंटर-हाफ ब्रूम पिनिजर, ही नावे आता हॉकीच्या घरातसुद्धा कुणी घेत नाही.

बॅक हा काय प्रकार आहे, हे ज्यांनी हॉकी खेळली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जुन्या हॉकीत पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक आणि एक गोलकीपर अशी मांडणी असे. बॅकच्या मागे गोलकीपरखेरीज कुणी नाही. फॉरवर्डच्या दहा चुका माफ, अकराव्या वेळी त्याने गोल केला की तो नायक. बॅकचे उलट. त्याने एकोणीस वेळा चेंडू अडवला आणि विसाव्या वेळी तो चुकला तर ती एकच चूक फलकावर लागते. शिवाय हॉकीची काठी एकाच बाजूने सपाट असते. समोरून येणारा फॉरवर्ड चेंडू आपल्या उजव्या हाताला ठेवतो. तो बॅकच्या डाव्या हाताला, म्हणजे काठी उलटी करावी लागेल त्या बाजूला पडतो. म्हणून डाव्या बॅकची परीक्षा नेहमीच अधिक कठीण. आणि गंमत अशी, की खरोखर चांगला बॅक फार वेळा काठी घालतानाही दिसत नाही. तो आधीच अशा जागी जाऊन उभा राहतो की समोरचा तिकडे चेंडू देतच नाही. तो फॉरवर्डला आत येऊ न देता हळूहळू कडेच्या रेषेकडे रेटत नेतो. प्रेक्षकाला वाटते, आज या बॅकला काही कामच नव्हते.

म्हणजे बॅकची पारख ही न घडलेल्या गोष्टींची पारख आहे. इतिहास लिहिणाऱ्याला ही अडचण चांगली ठाऊक असते. घडलेले कागदावर असते. टळलेले संकट कुठेच नोंदलेले नसते.

मी हे ग्रंथ वाचून सांगत नाही. ग्वाल्हेरला लष्करात माझे आयुष्य गेले आणि शालेय संघांच्या निवड चाचण्यांना वही घेऊन बसण्याची वीसेक वर्षे संधी मिळाली. चाचणी दोन दिवसांची. पन्नास-साठ मुले, त्यांतून सोळा निवडायची. पहिल्या दिवशी धाव, चेंडू घेऊन वळणे, फटका. दुसऱ्या दिवशी दोन संघ पाडून सामने. पहिल्या दिवशीच्या आकड्यांवरून बॅक निवडला जाऊ नये, असे माझे मत पहिल्या काही वर्षांतच झाले. सरळ रेषेत वेगाने धावणारा पोरगा बॅक म्हणून उपयोगाचा असेलच असे नाही. मागे सरकताना, कुशीवर वळताना आणि वळून पुन्हा गाठताना त्याचे काय होते, ते पाहावे लागते. त्याची नजर कुठे असते, तेही पाहावे लागते. समोरच्याच्या खांद्यावर आणि काठीच्या हुलकावणीवर नजर असेल तर तो फसणार. नजर चेंडूवर असेल तर तरणार. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे फसल्यानंतर तो काय करतो. प्रत्येक बॅक फसतो. जो फसल्यावर कमरेवर हात ठेवून गोलकीपरकडे पाहतो तो वेगळा आणि जो मान खाली घालून पुन्हा धावतो तो वेगळा. हे दोन दिवसांत एकदाच दिसते, कधी दिसतही नाही.

एका वर्षी मुलींच्या चाचणीत एक डावी बॅक आली होती. अंगाने किरकोळ, बोलणे जेमतेम. दोन्ही सामन्यांत तिच्या बाजूने एकही गोल झाला नाही. तिच्या बाजूने आक्रमणच बंद झाले होते. माझ्या वहीत तिच्यापुढे मी तेवढेच लिहिले होते. यादी करताना समितीतल्या एका गृहस्थांनी विचारले, “हिने केले काय?” मी म्हणालो, “साहेब, तेच तर सांगतोय. काही होऊ दिले नाही.” शेवटी तिचे नाव राखीव मुलींत लागले. तिच्या जागी जी गेली ती दोन वेळा चेंडू घेऊन थेट समोरच्या गोलापर्यंत धावत गेली होती आणि तेच सगळ्यांच्या डोळ्यांत भरले होते. पुढच्या वर्षी ती किरकोळ मुलगी चाचणीला आली नाही. राखीव म्हणून बसायला कुठला बाप दोनदा गाडीभाडे देणार?

आता पुन्हा इतिहासाकडे येतो. ग्वाल्हेरच्या त्या फेडरेशनने वजनकाटा तर आणला, पण काट्यापर्यंत कोण पोचते हा प्रश्न उरलाच. १९२८ च्या संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा हे स्वतः बॅक. रांचीकडच्या आदिवासी खेड्यातून ऑक्सफर्डला गेलेले, आयसीएसची उमेदवारी करणारे. ऑलिंपिकसाठी रजा मिळेना, तेव्हा त्यांनी हॉकी निवडली. अंतिम सामन्यात मात्र ते मैदानावर नव्हते. त्याआधीच ते संघापासून दूर झाले होते. पुढे घटना समितीत आदिवासींची बाजू मांडणारे जयपालसिंग ते हेच. ते ऑक्सफर्डला नसते, खेड्यातच राहिले असते, तर हा बॅक कुणाला दिसला असता?

१९३२ ला तर रजेचा प्रश्न ध्यानचंदांच्याच बाबतीत आला. आंतरप्रांतीय स्पर्धेसाठी पलटणीने त्यांना सोडले नाही. फेडरेशनने त्यांना स्पर्धेशिवायच संघात घेतले. बाकीच्यांना मात्र स्पर्धेत कस लावावा लागला. ती पंजाबने जिंकली आणि सात खेळाडू पंजाबचे निवडले गेले. आमच्या ग्वाल्हेरचे रूपसिंग त्याच वर्षी प्रथम संघात आले. लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध २४-१ असा सामना झाला, त्यात दहा गोल एकट्या रूपसिंगांचे होते आणि आठ ध्यानचंदांचे. ध्यानचंदांना दिलेली सूट चुकीची होती, असे कुणीही म्हणणार नाही. पण अशी सूट गोल करणाऱ्याच्या नावालाच मिळू शकते. कार्लाइल टॅपसेल १९३२ आणि १९३६ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये बॅक होता. त्याला रजा मिळाली नसती तर त्याच्या नावावर कुणी चाचणी माफ केली असती का, याची मला शंका आहे.

१९३६ साली बर्लिनला पोचल्यावर सरावाच्या सामन्यात जर्मनीने आपल्याला ४-१ असे हरवले. तेव्हा कर्णधार ध्यानचंदांच्या आग्रहावरून अली दारा यांना तातडीने भारतातून बोलावून घेण्यात आले. ते विमानाने आले आणि उपांत्य सामन्यापासून खेळले. घरी बसून ठरवलेली यादी परक्या मैदानावर अपुरी पडू शकते, हे त्या संघाने वेळेवर ओळखले. त्या स्पर्धेत आपण ३८ गोल केले आणि एकच घेतला, तोही १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात, ८-१ असा.

नेमके त्याच वर्षी, म्हणजे १९३६ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलच्या धंदेवाईक संघांनी एक नवी प्रथा पाडली. कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची यादी करायची आणि संघांनी पाळीपाळीने एकेक नाव उचलायचे. त्याला ते ‘ड्राफ्ट’ म्हणतात. पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिले नाव उचलले गेले ते जे बर्वँगर यांचे. ते त्या वर्षीचे सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरले होते. पण ते धंदेवाईक फुटबॉल एकही सामना खेळले नाहीत. आज या ड्राफ्टपूर्वी मुलांना पळवतात, उड्या मारायला लावतात, हातांची लांबी मोजतात. त्यांच्या खेळात आपल्या बॅकसारखा एक असतो. त्याला ‘कॉर्नरबॅक’ म्हणतात. समोरच्या सर्वांत वेगवान खेळाडूच्या पाठीला सावलीसारखे चिकटायचे आणि त्याच्याकडे चेंडू येऊच द्यायचा नाही, हे त्याचे काम. चांगल्या कॉर्नरबॅककडे चेंडू फेकायलाच समोरचे कचरतात. म्हणजे त्याच्या नोंदीचा रकाना कोराच राहतो. ग्वाल्हेरच्या डाव्या बॅकचे दुखणे तिथेही तेच.

या जागेवरचा एक मोठा विक्रम ज्याच्या नावावर आहे तो डिक लेन कुठल्याही ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. फौजेत खेळलेला, मग विमानाच्या कारखान्यात काम करणारा हा काळा तरुण १९५२ साली लॉस एंजेलिसच्या एका संघाच्या कचेरीत आपली कात्रणे घेऊन गेला आणि खेळायला संधी मागितली. त्याच वर्षी त्याने प्रतिस्पर्ध्यांचे चौदा चेंडू मधल्यामध्ये झेलले. एका हंगामातला तो विक्रम अजून मोडलेला नाही. यादी करणारे शहाणे होते, त्यांच्याकडे पैसा होता, माणसे होती. तरी लेन त्यांना दिसला नाही. कचेरीचे दार उघडे होते म्हणून दिसला.

आपल्याकडे असे दार बराच काळ पलटणीनेच उघडे ठेवले, हेही सांगायला हवे. एरवी रजा अडवणारी पलटण, पण खेळ शिकवणारीही तीच. आमच्या इंदूरजवळच्या महूचा शंकर लक्ष्मण नावाचा पोरगा १९४७ साली फौजेच्या बँडमध्ये भरती झाला आणि मराठा लाइट इन्फंट्रीत गोलकीपर होऊन उभा राहिला. १९५६, १९६० आणि १९६४ ही तीन ऑलिंपिक तो खेळला. टोकियोच्या १९६४ च्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० असे हरवले, तेव्हा आपल्या गोलात तोच होता. त्याच संघात बेळगावचे बंडू पाटील होते. बेळगावच्या मराठा सेंटरशी ज्यांच्या घरांचे नाते आहे त्यांना ही नावे नवी नसावीत. त्या संघाचे बॅक होते पृथिपालसिंग आणि गुरबक्षसिंग. पण पृथिपाल लोकांच्या लक्षात राहिले ते पेनल्टी कॉर्नरवर केलेल्या गोलांमुळे. बॅक लक्षात राहायचा तर त्यानेही गोलच करायला हवा, ही रीत तेव्हापासूनची. शंकर लक्ष्मणांना पुढे भारताचे कर्णधारपद मिळाले, १९६७ साली पद्मश्रीही मिळाली. २००६ मध्ये महूलाच ते हलाखीत वारले.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम मैदानावर गेली. त्या वर्षी आपण सातवे आलो. पुढे नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियमही गेला. या दोन्हींचा सर्वांत मोठा भार बॅकवर पडला. गवतावर चेंडू उसळायचा, थबकायचा आणि बॅकला क्षणभर सवड मिळायची. नव्या मैदानावर तो गोळीसारखा येतो. ऑफसाइड गेल्यावर फॉरवर्ड थेट गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन उभा राहू लागला. त्यामुळे जुन्या पारखीचे निम्मे आडाखे बाद झाले. ज्या गावांत कृत्रिम मैदान नव्हते तिथल्या मुलांची चाचणी तर चाचणीच राहिली नाही. गवतावर शिकलेल्या मुलाला एका सकाळी निळ्या-हिरव्या गालिच्यावर उभे करायचे आणि तो घसरला म्हणून नाव कापायचे, याला पारख म्हणत नाहीत.

म्हणूनच २००६ साली मध्य प्रदेश सरकारने ग्वाल्हेरला मुलींची हॉकी अकादमी काढली, ही मला १९२५ नंतरची या गावातली दुसरी मोठी घटना वाटते. अकादमी आहे कंपूत. कंपू म्हणजे मूळचा कॅम्प, शिंद्यांच्या फौजेचा तळ. जिथे कवायत चालायची तिथे देशभरातल्या पोरी येऊन राहतात, शिकतात, कृत्रिम मैदानावर रोज खेळतात. इथे मुलगी दोन दिवस नव्हे, काही वर्षे डोळ्यांसमोर असते. आमच्या गावच्या गायकीत गुरू शिष्याला एका मैफिलीवरून जोखत नसे. वर्षानुवर्षे समोर बसवून ऐकत असे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथून ख्याल शिकून महाराष्ट्रात गेले ते असेच बसून. बॅकला जोखायचे तर तीच रीत लागते.

फळ दिसते आहे. ग्वाल्हेरचीच इशिका चौधरी या अकादमीतून पुढे आली आणि भारताची बॅक झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात राजगीरला आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात भारताने चीनला १-० असे हरवले. त्या संघाच्या बचावफळीत इशिका होती आणि सातारा जिल्ह्यातली वैष्णवी विठ्ठल फाळकेही होती. त्या शेवटच्या १-० मधला ‘एक’ सगळ्यांनी पाहिला. ‘शून्य’ या मुलींचे होते.

त्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिल्लीला हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला. पुरुषांच्या संघांना प्रत्येकी चार कोटी, महिलांच्या संघांना दोन कोटी एवढी थैली ठरवून दिलेली. पहिल्यांदाच मुलींचीही स्वतंत्र लीग होत होती. पुरुषांत सर्वाधिक बोली लागली हरमनप्रीतसिंगला, ७८ लाख. महिलांत उदिताला, ३२ लाख. दोघेही बॅक! ते वाचून मला पहिल्या क्षणी वाटले, शंभर वर्षांनी का होईना, बॅकचे दिवस आले. मग ध्यानात आले, की दोघेही पेनल्टी कॉर्नरवर गोल करणारे आहेत. हरमनप्रीतने त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा गोल केले होते. म्हणजे बाजाराने बॅकला मोल दिले, पण मोजला तो गोलच. त्या दोघांच्या बचावाला कमी लेखण्याचा हेतू नाही. दोघेही अव्वल आहेत. पण जो बॅक फक्त अडवतो त्याची बोली कशी करायची, हे लिलावाच्या हातोडीला अजून कळलेले नाही.

निवड समितीत बसणाऱ्या कुणाच्या हाती हा अंक पडला तर त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. वहीत एक रकाना जास्त आखा. कोणत्या बाजूने आक्रमण आलेच नाही, कोणत्या मुलीसमोर समोरची मुलगी मागे वळली, फसल्यावर कोण पुन्हा धावले, हे त्यात लिहा. चांगल्या बॅकसमोर चांगलाच फॉरवर्ड द्या. कलकत्त्याला १९२८ साली तेच केले होते. एका दिवसाने नाव कापू नका, आणि राखीव मुलीला पुढच्या वर्षीचे गाडीभाडे द्या. त्याला फार खर्च येत नाही.

आणि घरांतल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मूल सामना खेळून घरी आले की आपण पहिला प्रश्न विचारतो, “किती गोल केलेस?” अधूनमधून विचारावे, “किती होऊ दिले नाहीस?” उत्तर द्यायला ते मूल थोडे थांबेल, कारण हा हिशोब त्याला कुणी विचारलेलाच नसतो. पण ते बॅक असेल तर उत्तर त्याच्यापाशी नक्की असते.